हात लावायचा नाही

रत्नदीप वर आला तेव्हा भाल्याच्या टोकाला कटला अजून तडफडत होता. चांगला मांडीएवढा मासा! रत्नदीपने मास्क कपाळावर सरकवला आणि पोटभर हवा घेतली. आता फक्त हात डोक्यावर ठेवून काठाला दाखवायचं, मी ठीक आहे म्हणून. तेवढं झालं की कोचीच्या स्पर्धेची शेवटची जागा त्याची.

हात निम्म्यावर गेला आणि पाण्यातच असलेल्या त्याच्या जोडीदाराने, संदेशने, त्याला मागून काखेत धरलं.

"पकडला! पकडला रे!" संदेश बोंबलला. "ओठ निळे पडलेत याचे!"

"सोड ना यार! मी बराय!"

काय उपयोग? हात लागला तो लागला.

खडवलीपुढच्या या डोहावर जमणारा क्लब नुकताच निघालेला. क्लब कसला, पाच टाळकी, भाला मारायच्या दोन स्पिअरगन आणि घोडबंदर रोडवरून येणारी महेंद्रची गाडी. पण महेंद्रचे नियम असे, जणू ऑलिंपिकच भरवतोय. जोडीतल्या एकाने बुडी मारायची, दुसऱ्याने वर पाण्यात राहून त्याच्यावर नजर ठेवायची. श्वास कोंडून कधी कधी वर आल्यावर माणसाची शुद्ध जाते, तेव्हा वरच्याने त्याला धरायचं. पण खूण करण्याआधी हात लागला की बुडी मारणारा बाद, मासा कितीही मोठा असो. आणि एकाच जागेसाठी जीव टाकणाऱ्या दोघांना एका जोडीत घालायची अक्कलही महेंद्रचीच.

"बाद," काठावरून महेंद्र म्हणाला. "वरच्याचा शब्द शेवटचा. संदेश, शाब्बास! जीव वाचवलास त्याचा."

काठावर क्लबमधल्या रुचिताने वजनकाटा पुढे केलेला, तो तिने परत पिशवीत टाकला.

रत्नदीपला रडूच यायचं बाकी होतं. कोपर स्टेशनजवळच्या चाळीतल्या खोलीत बादलीत तोंड घालून त्याने दम वाढवलेला. आई मोरीचं दार बडवून बडवून कंटाळलेली. अख्ख्या चाळीला सांगून ठेवलेलं, मी कोचीला चाललोय म्हणून. आता कुठल्या तोंडाने घरी जायचं?

"मनाला लावून घेऊ नको," संदेश त्याच्याजवळून पोहत जाताना हळूच म्हणाला. "पुढच्या वर्षी जा." आणि हसला. मेल्याला लाजही वाटली नाही.

आता बुडी संदेशची, वर रत्नदीप. एक मासा आणला की जागा संदेशची.

संदेशने भसाभसा श्वास घ्यायला सुरुवात केली. असं करू नका, खाली दम संपलेला कळत नाही आणि वर येता येता माणूस आडवा होतो, हे महेंद्रने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलेलं. काठावर महेंद्र पाठमोरा उभा राहून रुचिताशी बोलत होता. रत्नदीपने संदेशचे ते श्वास पाहिले, ऐकले. तोंडातून शब्द काढला नाही.

संदेश खाली गेला. बराच वेळ पाणी नुसतं हललं. मग तो वर आला, मागे भाल्याच्या दोरीला शिंगाळा मासा. काठावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

संदेशचा हात काही वर येईना. डोळे उघडे होते, पण ते कुठेच बघत नव्हते. त्याची मान एकदा हलली, मग हळूच पुढे कलंडली आणि तोंड पाण्यात गेलं. रत्नदीप हातभर अंतरावर होता. ओठांचा रंग त्याने नीट पाहिला. या वेळी ते खरंच निळे होते.

"पकड त्याला!" महेंद्र किंचाळला. "रत्नदीप, पकड!"

"खूण करेल ना आता," रत्नदीप म्हणाला. "मी हात लावला तर बाद होईल बिचारा."

"अरे, मरेल तो!" रुचिता ओरडली. महेंद्रने बुटांसकट पाण्यात उडी घेतली. काठ लांब होता.

रत्नदीपने दोन्ही हात पाण्याबाहेर काढले आणि डोक्यावर उंच धरले, काठावरच्या सगळ्यांना नीट दिसावेत असे.