पुढचं गाव

नांदुऱ्याच्या पुष्पाबाईंचा मुलगा राजकुमार कोकणात बंदराच्या कामावर इंजिनीअर. त्यानंच स्थळ पाहून धाकट्या बहिणीला, सुचिताला, बंदराशेजारच्या गावात दिलं होतं. पण बंदराची भिंत समुद्रात शिरली, तशी त्या गावाकडे येणारी वाळू अडली आणि लाटा किनारा खात खात सुचिताच्या अंगणाला येऊन भिडल्या.

आज लेकीच्या फोनवर पुष्पाबाईंना लाटांचा दणका ऐकू आला. त्यांनी लगेच लेकाला फोन लावला.

"तुह्या भिंतीपायी माह्या लेकीचं घर चाललं! कायबी कर, नाहीतर मले तोंड दाखवू नको."

"केलं ना आई. तिच्या गावाले दगडी बंधारा मंजूर झाला. उद्यापासून काम सुरू."

पुष्पाबाईंचा जीव भांड्यात पडला. फोन कानाला तसाच धरून त्या देवापुढे साखर ठेवायला उठल्या.

"मंग आता समुद्र थांबते ना रे?"

"तिच्या गावात थांबते," राजकुमार अडखळला. "मंग तिथून पुढच्या गावाले खाते."

साखरेची वाटी हातातच राहिली.



"त्या गावात कोणाची लेक दिली हाये रे?"