बाराव्या मिनिटाचा एरर

बाराव्या मिनिटाला ओव्हन पुन्हा बंद पडला आणि पडद्यावर तोच ई-सतरा उमटला.

"काका, हा बिघाड नाहीये," दुरुस्तीला आलेली रेश्मा वर्तकांना म्हणाली. "ओव्हन वापरणाऱ्याच्या सवयी शिकतो. आता ट्रेचं वजन कमी व्हायची वाट बघतोय. काकू मध्येच एखादी नानकटाई काढायच्या का?"

नलिनी गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. दरवर्षी ती एक अर्धकच्ची नानकटाई वर्तकांपुढे ठेवायची, "साखर बघा," म्हणायची. ते पेपरातून मान वर न काढता "ठीक आहे" म्हणायचे.

"सवय पुसून टाकू? मिनिटभराचं काम आहे."

"नको."

त्यांनी दार उघडून एक नानकटाई उचलली. बोट भाजलं. दार लावताच ओव्हन सुरू झाला.

वर्तकांनी सावकाश घास चावला.

"साखर कमी पडलीय," ते ओव्हनला म्हणाले.