जयवंताबाईचे टायर

चौथ्या चाकाचा शेवटचा नट आवळून शिवाजी मिस्त्री उठला आणि त्याने बिभीषणाला स्टेअरिंग पार टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. मग टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घालून बघितला. बोटं सहज आत-बाहेर होत होती.

"घासत न्हाई. बराबर बसलेत."

दुकानासमोरच्या बाकड्यावर बसलेल्या जयवंताबाईने मोठा श्वास सोडला. पिकअप तिच्या लेकाची होती, पण जीव टांगणीला लागला होता तिचा. टेंभुर्णीच्या पुढे, शेतातल्या वस्तीवर ती आपल्या मेंढ्या घेऊन राहायची. वस्तीकडे जाणारी काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात गाड्या गिळायची. बिभीषणाने यंदा साफ सांगून टाकलं होतं, "माय, रातबेरात तुला काही झालं तर आणायचं कसं? गाडी वस्तीपर्यंत आली तर ऱ्हा तिथं खुशाल. न्हाई आली तर गावातल्या घरी चल, मेंढ्या इकून टाकू." मेंढ्यांचं गिऱ्हाईक उद्या सकाळी यायचं होतं.

म्हणून आज पावसाची झड जरा थांबताच ती चिखल तुडवत सडकेपर्यंत चालत आली आणि लेकाबरोबर गाडीत बसली. टायरही तिनेच निवडले. दुकानातला एकेक टायर मेंढीची पाठ चाचपावी तसा चाचपून तिने सगळ्यात मोठे, खोल खाचांचे, ओबडधोबड टायर पसंत केले होते.

बिभीषणाने चाकांना हळदीकुंकू वाहिलं, अगरबत्ती ओवाळली, नारळ फोडला. चारही टायरखाली एकेक लिंबू ठेवलं आणि गाडी पुढे घेतली. तीन लिंबं फटाफट फुटली. चौथं बारकं, गावरान होतं. ते टायरच्या खाचेत जाऊन बसलं आणि चाकाबरोबर फिरून वर आलं ते अख्खंच.

बिभीषण खाली उतरला. लिंबाकडे बघता बघता त्याचा चेहरा पडला.

"लिंबू फुटलं न्हाई, माय. आज गाडी चिखलात घालायची न्हाई. शनवारी बघू."

शनिवारपर्यंत मेंढ्या कुठल्या बाजारात उभ्या असतील कोण जाणे. लेकाला हसायचं तर जयवंताबाईला तोंड नव्हतं. लेकरांवरून आणि कोकरांवरून तिने जन्मभर लिंबं उतरवून टाकली होती. ती उठली, चाकाजवळ टेकली, लिंबू दोन बोटांत धरून ओढून पाहिलं. हललं नाही. पुन्हा जोर लावला. जागचं ढळेना. तेव्हा मात्र तिचा चेहरा एकदम खुलला.

"अरं येड्या, फुटायचं काय घेऊन बसलास? धरलंय त्यानं लिंबू. एवढुसं लिंबू जो सोडंना, तो पांदण सोडील का?"

"पण फुटायला पायजे ना, माय."

"फुटतं ते गुळगुळीत टायरखाली. आपण हे कशाला आणलेत? चिखल धरायला ना? मंग? इचार मिस्त्रीला."

शिवाजी मिस्त्री पाना पुसत दोघांकडे पाहत राहिला. बसवलेले टायर पुन्हा काढायची गोष्ट निघायच्या आत ही गाडी इथून हललेली बरी, एवढं त्याला नक्की कळत होतं.

"मावशी बिलकुल बराबर बोलून राह्यल्या," तो म्हणाला.

दोघांपुढे बिभीषणाचं काही चालेना. गाडी आता भलतीच उंच झाली होती. मिस्त्रीने काढलेला जुना टायर दाराशी आडवा टाकला. त्यावर पाय देऊन जयवंताबाई चढली; लेकाने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. आता चढताही येत नाही म्हणून गावात नेऊन ठेवायचा, त्याचा भरवसा नव्हता.

सडक सोडून गाडी पांदणीत उतरली. दरवर्षी ट्रॅक्टर बोलवावा लागायचा त्या नाल्यापाशी गाडी एका अंगाला कलली. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. चिखल काचेवर उडाला. बिभीषणाने आईकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतो? म्होरं बघ, आन थांबू नको."

कुठेतरी खाली टायरने घट्ट माती धरली. गाडीने एक गचका दिला आणि ती नाल्याच्या वर आली. बिभीषण हसायला लागला. लहानपणी हसायचा तसा, सगळे दात दाखवून. मग जयवंताबाईलाही हसू आवरेना. इतका आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता. पदर तोंडाला लावून ती वस्ती येईस्तोवर हसत होती.

गाडीचा आवाज ऐकून जाळीआडच्या मेंढ्यांनी एकच गलका केला. बिभीषण उतरून तिच्या बाजूला येईपर्यंत तिने उडी मारलीसुद्धा. घोट्यापर्यंत रुतली, पाय उपसले आणि तडक जाळीकडे निघाली.

बिभीषणाचा फोन वाजला. दोन शब्द बोलून त्याने फोनवर हात ठेवला.

"माय, मेंढ्यांचं गिऱ्हाईक हाये. उद्या गाडी घेऊन येऊ का म्हणतंय. वस्तीचा रस्ता कसा हाये इचारून राह्यलं. काय सांगू?"

जयवंताबाईने एक कोकरू उचलून काखेत घेतलं. चिखलाने बरबटलेली पिकअप थेट जाळीला लागून उभी होती. तिने ती डोळे भरून पाहिली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "लई चिखल हाये. इथं गाडीच येत न्हाई."