रमजानचा तास

मंगळवारी सकाळी चारशे बाराव्या पानाची फाईल पुन्हा अर्धीच निघाली. वरच्या भागात सी मफद्दलने सोमवारी केलेल्या दुरुस्त्या होत्या. खाली मात्र गेल्या वर्षीचा जुनाच मजकूर.

"बघ," संचालक बेनैसांनी छापलेला कागद हस्नाच्या टेबलावर टाकला. "चौसष्टावी. म्हातारा दुरुस्त करतो, विसरतो आणि जुनंच परत चिकटवतो. ईद झाली की त्याला घरी बसवायचं. पत्र तयार आहे."

म्हातारा चार हातांवर, खिडकीपाशीच बसला होता. तेतुआन शहरामागची डोंगरातली गावं सव्वीस वर्षं पायी पालथी घालून सी मफद्दलने जबाली बोलीचा शब्दकोश जमवला होता. शेवटची दोन अक्षरं उरली होती. तेवढी पुरी केल्याशिवाय त्याला मरायचीही सवड नव्हती.

"मी विसरत नाही," तो म्हणाला. "तुमचं यंत्र माझं काम खातंय."

"यंत्राचाही रोजा आहे, सी मफद्दल. दिवसाढवळ्या कसं खाईल?"

"सिगरेट बंद झाली की साहेबांना विनोद सुचतात," म्हातारा हस्नाला म्हणाला. "इफ्तारनंतर बरे असतात बिचारे."

हस्ना हसली नाही. आठ महिन्यांपूर्वी ती इथली यंत्रं सांभाळायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी सी मफद्दलने तिला तिच्या आजोळच्या गावातले अकरा शब्द म्हणून दाखवले होते. ते तिच्या आईलाही ठाऊक नव्हते.

"पत्र माझ्या खणात राहू द्या," ती म्हणाली. "मला आठवडा हवा."

"आणि यंत्रात काही सापडलं नाही तर?"

"तर मीच ते त्यांच्या हातात देईन."

आधी तिने डिस्क कानाकोपऱ्यापर्यंत तपासली. ठणठणीत. तारा बदलल्या, मेमरी बदलली, फरक शून्य. बुधवार गेला. गुरुवारी ती फायली सोडून फायलींतल्या चिरांकडे बघत बसली, आणि पाणी कुठे मुरतंय ते दिसू लागलं. यंत्र प्रत्येक फाईल सारख्या मापाच्या तुकड्यांत ठेवतं. बहुतेक फायलींत जुना मजकूर नेमका तुकड्याच्या काठावर सुरू होत होता, कधी कधी तर शब्दाच्या पोटातच. माणूस असा मोजून मापून विसरत नाही.

शुक्रवारी तिने मुख्य यंत्र आणि त्याच्या जोडीचा, सीमेपलीकडच्या सेब्ताहून आणलेला साठवणीचा डबा शेजारी शेजारी ठेवले. दोघं दिवसभर एकमेकांशी तुकड्यांची देवघेव करत. ज्या तुकड्यावर उशिराची वेळ, तो खरा. तिने दोघांची घड्याळं पाहिली. एकात दहा वाजून दहा मिनिटं. दुसऱ्यात अकरा वाजून दहा.

रमजान तोंडावर आला की इथे देशभर घड्याळ तासभर मागे घेतात. मुख्य यंत्राने घेतलं होतं. डब्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो एक तास पुढेच जगत होता, हात लागेल त्या तुकड्यावर आपलीच वेळ टाकत होता, आणि त्याच्याकडचे शिळे तुकडे सी मफद्दलच्या ताज्या कामापेक्षा नवे ठरत होते.

तिने एक फाईल नुसत्या अलिफ अक्षराने भरली. वीस मिनिटांनी त्यावर नुसतं बा लिहिलं. पावणेअकराला उघडली तर वर सगळे बा, खाली सगळे अलिफ.

हस्ना खुर्चीत मागे रेलली आणि एकटीच हसत सुटली. चार दिवसांच्या उपाशी डोक्याने केलेलं हे काम होतं, आणि तिला स्वतःचा अभिमान वाटला. तो तिने लपवलाही नाही.

सोमवारी तिने सगळ्यांसमोर तेच करून दाखवलं. बेनैसांनी तीनदा करायला लावलं. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता.

"चौसष्टच्या चौसष्ट फायलींचा उलगडा झाला?"

"झाला."

"नक्की?"

"अहवालाखाली माझी सही असेल."

बेनैसांनी पत्र मागून घेतलं, फाडलं, आणि सरळ खिडकीपाशी जाऊन म्हाताऱ्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं. "माफ करा, सी मफद्दल."

"रोज्याच्या महिन्यात कुणाला नाही म्हणायचं नसतं," सी मफद्दल म्हणाला.

"एक गोष्ट राहिली," हस्ना म्हणाली. "यापुढे यांच्या फायली आधी माझ्याकडे येतील. मी वाचून मग साठवेन."

"डबा दुरुस्त झाला ना? मग किती दिवस हे?"

"दोन अक्षरं होईपर्यंत."

बेनैसांनी मान डोलावली. सावध मुलगी, त्यांना वाटलं.

दुपारपर्यंत सी मफद्दलने दारावरच्या पहारेकऱ्याला, समोरच्या न्हाव्याला आणि फोनवर बायकोला सगळी हकीकत सांगून टाकली. घड्याळांचा भाग त्याला नीट समजला नव्हता, म्हणून त्याने तो दोनदा सांगितला. तीन वाजता कचेरी सुटली, तेव्हा तो मधात घोळवलेल्या शबाकिया मिठाईचा पुडा घेऊन हस्नाच्या टेबलाशी आला.

"इफ्तारला खा. माझ्या पोटची असतीस तरी याहून जास्त अभिमान वाटला नसता," तो म्हणाला. "आणि अहवालात स्पष्ट लिही, पोरी. मफद्दल विसरत नाही."

"तेच लिहितेय, सी मफद्दल."

तो ताठ मानेने जिना उतरला. तो वळणापलीकडे जाईपर्यंत हस्ना खिडकीतून बघत राहिली. मग तिने अहवालाची यादी उघडली आणि चौसष्टांपैकी एकोणीस फायलींच्या तारखा एकेक करून बदलून रमजानात आणून बसवल्या. त्या एकोणीस रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात बिघडल्या होत्या. तेव्हा दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत होती, आणि जुना मजकूर सी मफद्दलने स्वतःच्या हातांनी परत टाइप केला होता.