हसायची चोरी

भावाने मुलांसमोर माकडाची नक्कल सुरू केली तशी वृषाली तव्यावरची पोळी तशीच टाकून धावली. "दादा, नको रे हसवूस त्याला!" पण तोवर तिचा थोरला, निषाद, खदखदून हसला, त्याच्या गुडघ्यांतलं बळच गेलं आणि तो गादीवर कोसळला.

हसला की पडतो, हे त्याच्या आजाराचं लक्षण. पेशीतलं कोलेस्टेरॉल वाहून नेणारं प्रथिन जनुकातल्या चुकीमुळे वेडंवाकडं घडतं, टिकतच नाही, मग मेंदूत चरबी साचत जाते, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. "धाकटीचीही तपासणी करून घ्या," असंही म्हणाले होते. वृषाली रोज ते उद्यावर ढकलत होती.

एवढ्यात धाकटी रेवाही हसली आणि धपकन खाली पडली.

वृषालीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मुद्दाम पडले गं आई!" रेवा खालूनच म्हणाली. "दादाला एकट्याला पडायला आवडत नाही ना."

मामाने सुटकेचा निःश्वास टाकला. पोळी करपल्याचा वास घरभर पसरला होता. वृषालीने लेकीला उठवून उभं केलं, तिला झेलायला दोन्ही हात पुढे धरले आणि म्हणाली, "आता न पडता हसून दाखव बघू."