दाखवा बघू

डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने टाका उचलला आणि टाक्याबरोबर ठिगळही वर आलं.

ठिगळ म्हणजे नखाएवढा कातडीचा तुकडा. पंधरा दिवसांपूर्वी ट्रंपेटवाल्याच्या समोरच्या दातावरची गाठ कापली, तिच्याबरोबर हिरडीही गेली आणि दाताचं मूळ उघडं पडलं. तेव्हा बाईंनी त्याच्याच तोंडातल्या टाळूचा तुकडा काढून तिथे शिवला होता. आता तो ट्रेमध्ये पडला होता, भिजलेल्या कागदासारखा.

"ओठ ओढून पाहिला का कुणी?"

ट्रंपेटवाल्याच्या तोंडात आरसा होता. बोलायचं काम नेहमीप्रमाणे बायकोने केलं.

"छे हो! कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही मी. हेच आपले ओढून दाखवायचे."

"दाखवायचे? कुणाला?"

"माणसं समाचाराला येतात, डॉक्टर. बसतात, मग म्हणतात, दाखवा बघू. नाही कसं म्हणायचं?"

गाठ साधी निघाली, तिथेच घात झाला होता. कॅन्सर नाही म्हटल्यावर लोक मोकळ्या मनाने येऊ लागले. शेजारी आले, दोन्ही आत्या आल्या, बॅन्डमधली सगळी मंडळी आली. ढोलवाला तर दोनदा आला. पहिल्यांदा चष्मा विसरला होता.

"किती जण झाले?"

"रोजचे चार-पाच. रविवारी जरा जास्त."

बाईंनी आरसा बाहेर काढला. "टाळूची कातडी तिथे रुजायला बघत होती. तुम्ही रोज उपटत होता."

ट्रंपेटवाल्याने आ करून टाळूकडे बोट दाखवलं. "अजून आहे की इथे. परत शिवा."

बाईंनी दाताला चिमट्याचं टोक लावलं. दात हलला. ते त्यालाही कळलं, नको तितकं कळलं. त्याच दातावर ट्रंपेटचं तोंड टेकवून त्याने सव्वीस वर्षं फुंकलं होतं.

"हा राहायचा नाही," बाई म्हणाल्या.

"मग खोटा बसवा."

"खाता येईल त्याने. हसता येईल."

फुंकण्याचं नाव न काढता त्यांनी चिमटा खाली ठेवला. बायकोने पदराने डोळे टिपले आणि उगाचच ट्रेवर रुमाल टाकला.

बाहेर बाकावर मेहुणा बसला होता. आज वाजवायची परवानगी मिळणार म्हणून त्याने ट्रंपेट घासूनपुसून पेटीत घालून आणला होता. दार उघडताच तो पेटी सावरत उठला.

"झालं ना, दाजी? या, उजेडात या. दाखवा बघू!"

बाकावरची चार डोकी वळली. ट्रंपेटवाल्याचा हात सवयीने ओठापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

मग त्याने ओठ मिटले. कोपरे आवळून, नाकाने छातीभर श्वास घेत, पहिला सूर फुंकण्याआधी मिटतात तसे.