तिसावा उंदीर

"आली, आली, वर आली!" ताई अशी उठली की खुर्चीच उलटी पडली.

सव्वा तास तळाला चिकटून सरकणारी तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेष एकाएकी वर निघाली होती. याआधीच्या एकोणतीस उंदरांच्या रेषा सपाट आल्या होत्या आणि प्रत्येक सपाट रेषेबरोबर ताईचं तोंड थोडं थोडं उतरत गेलं होतं. तिसाव्यानं तिची लाज राखली.

धान्याच्या मोठ्या गोदामातले दोन हमाल तापानं रुग्णालयात पडले होते. त्यातल्या एकाची मूत्रपिंडं काम करेनाशी झाली होती. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोचा जिवाणूच यामागे आहे, असं ताई छातीठोकपणे सांगत होती. आरोग्य खात्याच्या साहेबांनी तिला पंधरा दिवस दिले होते. गोदामातले तीस उंदीर तपासा, एकात जरी जिवाणू सापडला तरी गोदामाला कुलूप आणि साठही हमालांना औषध. नाही सापडला, तर विषय संपला. मुदत आज पाचला संपत होती.

गोदामाचा मालक पहिल्याच दिवशी हसला होता. "बाई, माझ्याकडचे उंदीर माझ्यापेक्षा निरोगी आहेत," असं तो चारचौघांत म्हणाला होता. ते ताईच्या मनाला फार लागलं होतं.

"मामा, अहो मामा, इकडे या!"

मामा म्हणजे प्रयोगशाळेसाठी उंदीर पकडणारा माणूस. रोज संध्याकाळी पिंजरे लावायचे, सकाळी उचलून आणायचे, यात त्याचे केस पिकले होते. उंदराची चाल बघून तो त्याचं वय सांगतो म्हणत. खरंखोटं उंदरांनाच ठाऊक. तो ताईच्याच गल्लीत राहायचा आणि तिच्या लग्नात तिच्यापेक्षा जास्त रडला होता.

दारातूनच त्यानं विचारलं, "झाले ना तीस?"

"झाले काय विचारता! सापडला, मामा. तिसाव्यात सापडला!"

मामा पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चांगलं झालं. तुम्ही जेवला नाहीत अजून."

जेवण कसलं सुचतंय! घाईत चूक झाली असेल तर मालक आयुष्यभर हसेल, म्हणून ताईनं नवे हातमोजे चढवले आणि त्याच उंदराच्या मूत्रपिंडाचा दुसरा तुकडा घेऊन सगळी तपासणी पुन्हा लावली. तो सव्वा तास तिनं येरझारा घालण्यात काढला. रेष पुन्हा वर आली, अगदी पहिल्यासारखी. आता शंकेला जागाच नव्हती. ताईला आनंदानं रडू फुटायचंच बाकी होतं.

तिनं साहेबांना फोन लावला. "शाब्बास," साहेब म्हणाले, "पाचच्या आत कुलूप लावतो. कागद पाठवून द्या."

दुसरा फोन घरी. तो सासूबाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"काय गं, भरले का तुझे तीस?"

"भरले, आई! आणि तिसाव्यातच जिवाणू सापडला!"

"अगं बाई! म्हणजे जिंकलीस की तू! मला ठाऊकच होतं, आज तुझं काम होणार."

पंधरा दिवस सुनेबरोबर त्याही झुरल्या होत्या. आज तर त्यांचाच निकाल लागल्यासारख्या त्या बोलत होत्या.

"छकुली आली का शाळेतून?" ताईनं लेकीची चौकशी केली.

"गेलीच नाही. अंग जरा कोमट लागतंय, काल पोरींबरोबर फार हुंदडली. झोपलीय. तू नको इकडची काळजी करूस, आज तुझा दिवस आहे."

ताईनं हसत फोन ठेवला आणि कागद भरायला घेतला, तेवढ्यात मालक स्वतःच धापा टाकत आत आला. साहेबांचा निरोप त्याला पोचला होता.

"कुठल्या कोपऱ्यात मिळाला तो उंदीर? मला जागा दाखवा. तीन दिवस मी स्वतः तुमचे पिंजरे बघतोय, एकातही शेपूट नाही!"

"दाखवते ना," ताई म्हणाली. या क्षणाची तिनं पंधरा दिवस वाट बघितली होती. तिनं मामानं सकाळी भरलेली चिठ्ठी काढली. क्रमांक तीस. नर, पूर्ण वाढलेला. 'कुठे पकडला' या रकान्यात मात्र काहीच नव्हतं. मामाकडून असं कधी राहत नसे.

"मामा, अहो लिहायचं विसरलात. सांगा यांना, कुठली थप्पी?"

मामानं मालकाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ताई, जरा बाहेर या."

"इथंच सांगा की! भिता कशाला?"

"बाहेर या, पोरी."

व्हरांड्यात आल्यावर तो चपलेकडे बघतच बोलू लागला.

"मालक खरं बोलतायत. तीन दिवस गोदामातले पिंजरे रिकामेच निघाले. एकच कमी पडत होता आणि तुमचं तोंड बघवत नव्हतं. मला काय ठाऊक, त्यातच निघेल म्हणून. तुमच्या सासूबाईंनी परवा माझ्याकडून एक पिंजरा मागून घेतला होता. आज सकाळी त्यांनी तो भरलेला माझ्या हातात दिला. म्हणाल्या, 'उंदीर इथला काय नि तिथला काय, तिचे तीस तर होतील. फक्त तिला बोलू नका. आठवडाभर छकुलीच्या पांघरुणात शिरत होता, कळलं तर माझ्यावर ओरडेल.'"